वऱ्हाडची रणदुंदुभी सातासमुद्रापार

परदेशातल्या नाट्यसंगीताच्या मैफलीत ‘रणदुंदुभी’तलं पद सुरू झालं की श्रोते सावरून बसतात. ती पदं अमरावतीच्या लेखणीतून उतरली, हे आम्हां वऱ्हाडकरांना अभिमानानं सांगावंसं वाटतं.

वीर वामनराव जोशी (१८८१-१९५६) अमरावतीचे. पत्रकार, वक्ते आणि स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेले नाटककार. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’नं १९१३ साली त्यांचं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणलं. त्यातली मृणालिनीची भूमिका खुद्द केशवरावांनी केली. १९२७ साली बळवंत संगीत मंडळीनं त्यांचं ‘रणदुंदुभी’ उभं केलं. तेजस्विनीच्या भूमिकेत मास्टर दीनानाथ, चाली वझेबुवांच्या. पारतंत्र्याची एवढी चीड पदांतून ऐकायला मिळाल्यावर रोख कुणावर आहे, हे प्रेक्षकांना सांगावं लागत नव्हतं. माझ्या मते स्वातंत्र्यलढ्याला इतकं तेजस्वी गाणं दुसऱ्या कुठल्याच मराठी नाटकानं दिलं नाही.

वऱ्हाडात नाटक रुजलं ते कापसाच्या पैशावर. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली आणि अकोला, बडनेरा नाटक कंपन्यांच्या वाटेवर आले. अमरावतीत दादासाहेब खापर्ड्यांसारखे दिलदार रसिक होते. कापसाच्या व्यापारापायी अकोल्यात गुजराती घरंही स्थिरावली, आणि त्यांच्या रंगभूमीचं आपल्याशी जुनं नातं आहे. १८५३ साली विष्णुदास भावे नाटकं घेऊन मुंबईला गेले. त्याच वर्षी पारशी मंडळींनी गुजरातीत नाटकं सुरू केली. पुढे १९०१ साली गुजराती नट जयशंकर ‘सुंदरी’ यांनी ‘सौभाग्य सुंदरी’त स्त्रीभूमिका करून मुंबई जिंकली, ती आपल्याकडे बालगंधर्वांचा काळ सुरू होण्याआधीच. बोलपट आले आणि दोन्हीकडच्या बऱ्याच कंपन्या मोडल्या.

तरी नाटक संपलं नाही; परदेशातही ते जिवंत राहिलं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून, उत्तर अमेरिकेचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून मराठी माणसाला एकत्र आणतं आहे. दिवसभर नोकरी करून रात्री बेसमेंटमध्ये तालीम करणारी, नेपथ्य स्वतः ठोकणारी, मुलांकडून मराठी संवाद घोटून घेणारी ही माणसं पैशासाठी काही करत नाहीत. त्यांच्या श्रमांना वऱ्हाडचा मनापासून नमस्कार.

परदेशातल्या या मंडळींकडे एक मागणं आहे. पदं तुम्ही जपलीतच. आता ‘रणदुंदुभी’ अख्खं बसवा. वामनरावांना जाऊन साठ वर्षं केव्हाच उलटली आहेत, त्यामुळे भारतीय कायद्यानं त्या संहितेवर आता कुणाचाही स्वामित्वहक्क नाही.