मलाशयाची वरची सीमा : २०१९ मधील सहमत व्याख्येची चिकित्सा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयी लिहिताना ‘कोलोरेक्टल’ हे जोडनाव सर्रास वापरले जाते. त्यामुळे बृहदांत्र आणि मलाशय यांतील भेद केवळ नावापुरता आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. उपचारांच्या दृष्टीने मात्र हा भेद निर्णायक ठरतो. गाठ बृहदांत्रात असेल तर बहुधा प्रथम शस्त्रक्रिया केली जाते. तीच गाठ मलाशयात आहे असे ठरले, की शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार द्यावेत काय, हा विचार सुरू होतो. आणि किरणोपचारांबरोबर मलनियंत्रणावर व लैंगिक कार्यावर होणाऱ्या दीर्घकालीन परिणामांची शक्यताही येते. सीमेवरील गाठीच्या बाबतीत रुग्णाच्या वाट्याला काय येणार, हे पुष्कळदा व्याख्येवर अवलंबून असते.

ही व्याख्या दीर्घकाळ एक नव्हती. शारीरशास्त्राची पाठ्यपुस्तके मलाशयाचा आरंभ त्रिकास्थीच्या तिसऱ्या मणक्यापाशी मानतात. शल्यविशारद बृहदांत्रावरील स्नायूंचे तीन पट्टे जेथे परस्परांत मिसळतात ती जागा शोधतो. युरोपीय प्रघात गुदद्वारापासून १५ सें.मी. अंतराचा, अमेरिकेतील २००१ च्या शस्त्रक्रियाविषयक मार्गदर्शक तत्त्वांत मात्र १२ सें.मी. जपानी वर्गीकरणाने दोन्ही भागांमध्ये ‘रेक्टोसिग्मॉइड’ हा तिसराच पट्टा मानला. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातही बृहदांत्रास सी१८ व मलाशयास सी२० हे संकेतांक देऊन संधिस्थानासाठी सी१९ राखून ठेवला आहे. नोंदणीच्या सोयीसाठी केलेली ही तडजोड समजण्यासारखी आहे. पण तिने उपचाराचा प्रश्न सुटत नाही.

या पार्श्वभूमीवर विविध देशांतील तज्ज्ञांनी डेल्फी पद्धतीने, म्हणजे मतनोंदणीच्या क्रमिक फेऱ्यांतून, एक सहमत व्याख्या तयार केली. ती ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार ‘सिग्मॉइड टेक-ऑफ’ ही मलाशयाची वरची सीमा होय. त्रिकास्थीला लगटून वर जाणारे आतडे ज्या ठिकाणी तिच्यापासून सुटून पुढे वळते, तो हा बिंदू; तो एमआरआय किंवा सीटी प्रतिमेवर ओळखावयाचा असतो. नेदरलँड्सने ही व्याख्या त्याच वर्षी स्वीकारली.

या व्याख्येचे मोठे बळ असे, की ती रुग्णाच्या स्वतःच्या शरीररचनेवर आधारलेली आहे. १५ सें.मी. हे अंतर उंच पुरुषात आणि ठेंगण्या स्त्रीत एकाच जागी पोहोचत नाही. शिवाय ते दुर्बिणीचा प्रकार, रुग्णाची स्थिती आणि मोजणाऱ्याचा हात यांनुसार बदलते. येथे सुश्रुतसंहितेची आठवण होते. तीत गुदाचे माप साडेचार अंगुळे दिले आहे, आणि शरीराची मापे ज्याच्या-त्याच्या अंगुळाने घ्यावयाची आहेत. यावरून प्राचीनांना आजचे सारे ज्ञात होते, असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. माप कोणाच्या शरीराचे, हा प्रश्न मात्र जुना आहे, एवढे निश्चित.

तथापि, सहमती म्हणजे पुरावा नव्हे. किरणोपचारांविषयीचे आपले ज्ञान ज्या चाचण्यांतून आले, त्यांत मलाशय सेंटिमीटरने मोजला गेला होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत गुदद्वारापासून १५ सें.मी.पर्यंतच्या गाठी समाविष्ट होत्या. शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार दिलेल्या गटात दोन वर्षांनंतर स्थानिक पुनरुद्भवाचे प्रमाण २.४ टक्के, तर केवळ शस्त्रक्रिया झालेल्या गटात ८.२ टक्के आढळले. परंतु १० सें.मी.च्या वरील गाठींत हा लाभ सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय ठरला नाही. नव्या सीमेमुळे ज्यांचे वर्गीकरण बदलते, त्यांत प्रामुख्याने याच वरच्या गाठी आहेत. त्या बृहदांत्राच्या खाती गेल्याने काही रुग्णांचे अनावश्यक किरणोपचार टळतील, ही या व्याख्येची सर्वांत मोलाची फलश्रुती. मात्र नव्या व्याख्येने निवडलेल्या गटास जुन्या चाचणीची टक्केवारी जशीच्या तशी लावता येणार नाही.

दुसरी अडचण तुलनेची आहे. तुलनेने कमी जोखमीच्या वरच्या गाठी मलाशयाच्या गटातून वगळल्या, की उरलेल्या गटाचे सरासरी निष्कर्ष अधिक वाईट दिसतील. प्रत्यक्षात एकाही रुग्णाचे काही बिघडलेले नसेल. २०१९ पूर्वीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवणाऱ्या संशोधकाने हे ध्यानात घेतले नाही, तर तो उपचारांना नाहक दोष देईल. शिवाय ‘वळणाचा बिंदू’ हा वाचणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून आहे. आतड्याचे वळण सौम्य असेल किंवा नेमकी गाठच त्या जागी असेल, तर दोन प्रतिमाविशारदांत मतभेद संभवतो. म्हणजे मोजपट्टीची अनिश्चितता गेली, तरी तिच्या जागी वाचनाची अनिश्चितता आली. ती प्रशिक्षणाने कमी होऊ शकते, हा फरक मात्र महत्त्वाचा आहे.

म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते ही व्याख्या स्वीकारार्ह आहे; पण प्रत्येक अहवालात सिग्मॉइड टेक-ऑफच्या संदर्भात गाठीचे स्थान आणि गुदद्वारापासूनचे अंतर, या दोन्ही नोंदी असणे आवश्यक आहे. दुसरी नोंद गाळली तर जुन्या पुराव्याशी असलेला दुवा तुटेल. मराठीत अहवाल समजावून सांगताना आणखी एक पथ्य पाळावे लागेल. आपल्याकडे रेक्टमसाठी ‘मलाशय’ आणि ‘गुदाशय’ हे दोन्ही शब्द रूढ आहेत. एकाच रुग्णाच्या कागदपत्रांत ते आलटूनपालटून आले, तर नातेवाइकांना दोन निरनिराळे अवयव वाटण्याचा संभव आहे.