हस्तलिखित आणि पहिला वाचक : खानदेशातील तीन लेखकांच्या संदर्भात

मराठी समीक्षेत लेखक, साहित्यकृती आणि वाचक या तीन घटकांची चर्चा विपुल झालेली आहे. प्रकाशकाचा विचार मात्र बहुधा ग्रंथव्यवहाराचा, म्हणजे बाजाराचा, भाग मानून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः लेखक आपले हस्तलिखित प्रकाशकाच्या हाती देतो तेव्हा तो काही वाङ्मयीन निर्णय घेत असतो. काय ठेवावे, काय वगळावे, कोणता क्रम लावावा, लेखन कोठे पुरे झाले असे मानावे, हे त्या क्षणी ठरते. हा निर्णय लेखकाने स्वतः घेतला नाही तर संहितेचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात खानदेशातील तीन लेखकांच्या आधारे करावयाचा आहे.

बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगाव येथे झाला. धरणगावापासून जवळच असलेल्या जळगावातून नारायण नरसिंह फडणीस यांचे ‘काव्यरत्नावली’ हे मासिक १८८७ पासून निघत होते. केवळ कवितेला वाहिलेले मासिक मुंबई-पुण्याबाहेर, तेही एका व्यक्तीच्या ध्यासावर चालावे, ही त्या काळात असामान्य गोष्ट होती. १९०७ मध्ये जळगाव येथेच भरलेल्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्याकडून ठोमरे यांना ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली. तेव्हा बालकवींना व्यासपीठ नव्हते, असे म्हणता येत नाही.

परंतु मासिकाला एक कविता पाठविणे आणि संग्रहाचे हस्तलिखित सिद्ध करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. मासिकात कविता सुटी असते. तिच्या मागे-पुढे काय आहे याची जबाबदारी कवीवर नसते. संग्रहात ती येते. ५ मे १९१८ रोजी भादली रेल्वे स्थानकाजवळ झालेल्या अपघातात बालकवींचा वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी मृत्यू झाला आणि त्यांची कविता संग्रहरूपाने आली ती त्यानंतर, इतरांच्या संपादनातून. त्यात पूर्ण कवितांबरोबर अपूर्ण कविताही आल्या. संपादकांचे ऋण मान्य करूनही एक अडचण उरते. बालकवींच्या काव्यात आधी आनंद आणि नंतर उदासीनता असा प्रवास दाखविण्याची आपल्याकडे रूढी आहे. वर्गातही तो तसाच शिकविला जातो. मात्र मुद्रित क्रम कवीने लावलेला नसेल, तर त्या क्रमावरून कवीच्या मनाचा आलेख काढणे कितपत योग्य ठरते? प्रत्येक कवितेची रचनातिथी स्वतंत्रपणे तपासल्याविना हा आलेख गृहीत धरता येणार नाही. केशवसुतांच्या बाबतीतही संग्रह मृत्यूनंतर, हरि नारायण आपटे यांच्या पुढाकाराने निघाला, हे येथे लक्षात घ्यावे. आधुनिक मराठी कवितेच्या प्रारंभीच्या दोन प्रमुख कवींना आपल्या पुस्तकाचा क्रम लावता आला नाही, ही बाब अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेली दिसत नाही.

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्याबाबत तर हस्तलिखितच दुसऱ्यांच्या अक्षरातले आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवल्या; सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्रे यांना दाखविले आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. अत्रे हे येथे खऱ्या अर्थाने पहिले वाचक ठरतात. मात्र लेवा गणबोलीतील उच्चार कागदावर कसा उतरवावा, जात्यावर वा शेतात गायिलेल्या ओळीला कडव्याचा घाट कोठे द्यावा, हे निर्णय कवयित्रीचे नव्हते. या पुस्तकाच्या भाषेवर लिहिणाऱ्या अभ्यासकाने बोली आणि तिचे लेखन यांत अंतर ठेवावयास हवे.

तिसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. सांगवी येथे १९३८ मध्ये जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. रा. ज. देशमुख हे एका माणसाच्या आवडीनिवडीवर चालणाऱ्या प्रकाशनसंस्थेचे नमुनेदार उदाहरण होत. चारच वर्षांपूर्वी, १९५९ मध्ये, त्यांनी वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ काढली होती. ‘ययाति’च्या अलंकृत, आशयघन भाषेवर पोसलेल्या वाचकापुढे त्याच प्रकाशकाने पंचवीस वर्षांच्या नवख्या लेखकाची रोजनिशी, बखरीचे विडंबन आणि निरर्थकाची जाणीव यांनी भरलेली कादंबरी ठेवली. देशमुखांनी या लेखकाला कादंबरी लिहिण्यास प्रवृत्त केले, हे सर्वश्रुत आहे. प्रकाशक येथे मुद्रणाची सोय करणारा नाही. तो लेखनाच्या कारणांपैकी एक आहे. पुढे ‘मेलडी’ (१९७०) हा नेमाड्यांचा कवितासंग्रह ‘वाचा’ प्रकाशनाकडून आला, म्हणजे अनियतकालिकांच्या चळवळीतून लेखकांनीच उभारलेल्या व्यवस्थेकडून. कादंबरीसाठी एक दार आणि कवितेसाठी दुसरे, ही निवडसुद्धा त्या त्या लेखनाविषयी काही सांगते.

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयीन अध्यापकाचे हस्तलिखित आज कोठे जाते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्या ग्रंथास १० व संपादित ग्रंथातील प्रकरणास ५ गुण ठरविण्यात आले. गुणांचा हेतू लेखनास उत्तेजन हाच होता. पण गुण मोजताना आयएसबीएन क्रमांक पाहिला जाऊ लागला. हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तो पुस्तकाची ओळख पटवितो, गुणवत्तेची ग्वाही देत नाही. परिणामी लेखकाकडून खर्च घेऊन, एम.फिल. वा पीएच.डी.चा प्रबंध उद्दिष्टे, गृहीतके आणि संशोधनपद्धतीच्या प्रकरणासह जसाच्या तसा छापून देणारा व्यवसाय उभा राहिला. अशा पुस्तकाला प्रकाशक असतो, पहिला वाचक नसतो. मुखपृष्ठ बदलते, वाक्य एकही बदलत नाही.

छोट्या प्रकाशकाकडे पैसा कमी, वितरण तोकडे आणि वर्षाकाठी निघणारी पुस्तकेही मोजकी असतात. म्हणूनच तो नकार देऊ शकतो. त्याच्याकडे हस्तलिखित पाठविताना अध्यापकाने प्रबंधाची प्रत न पाठविता प्रबंधातून निघणारा एक प्रश्न, त्याभोवती नव्याने लिहिलेली दोन प्रकरणे आणि हे पुस्तक अभ्यासमंडळाबाहेर कोण वाचील याचे प्रामाणिक टिपण पाठवावे. ते सहा महिन्यांनी समासात पेन्सिलीच्या खुणांसह परत आले, तर त्या खुणा आधी वाचाव्यात, पत्रातील नकार नंतर.