‘सर्वांनीं वाचावे असे ग्रंथ’ : एका वादाचें परीक्षण

“अमुक ग्रंथ प्रत्येकानें वाचलाच पाहिजे” असें वाक्य कोणी उच्चारलें, म्हणजे त्यांत स्तुति थोडी व आज्ञा फार असते. ग्रंथ आवडला, एवढेंच सांगावयाचें असतें तर वादास कारण उरलें नसतें. कारण आवडीस प्रमाण लागत नाहीं. परंतु ‘प्रत्येकानें’ हा शब्द आला कीं ऐकणारास आपल्या आवडीवर अतिक्रमण झाल्यासारखें वाटतें, आणि तो दुसरा ग्रंथ पुढें करतो. नंदुरबार जिल्ह्यांतील वाचनालयांत व शिक्षकांच्या बैठकींत आम्हीं हा वाद अनेकवार ऐकला आहे. एक पक्ष ज्ञानेश्वरी व तुकोबांची गाथा यांस अग्रस्थान देतो. दुसरा तें दासबोधास देतो. तिसरा म्हणतो कीं जुन्या ग्रंथांचा महिमा पुरे झाला, जोतीराव फुल्यांपासून आरंभ करा. तिन्ही पक्षांत विद्वान व प्रामाणिक माणसें आहेत, तरीहि वाद सुटत नाहीं. तो कां सुटत नाहीं, याचा इतिहासाच्या आधारें विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

संस्कृत शास्त्रग्रंथांच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगण्याचा परिपाठ आहे. ग्रंथाचा अधिकारी कोण, विषय कोणता, विषयाशीं ग्रंथाचा संबंध काय आणि प्रयोजन काय, हीं चार उत्तरें दिल्यावांचून शास्त्रकार पुढें पाऊल टाकीत नाहीं. ‘अधिकार’ या शब्दास आमच्या समाजांत जन्माचा वास लागला, ही गोष्ट खरी व लाजिरवाणी आहे. तो वास धुऊन टाकला तर ‘ज्यास गरज आहे आणि ज्याची तयारी आहे तो अधिकारी’ असा निर्मळ अर्थ उरतो, व त्याच अर्थानें आम्ही येथें तो योजतों. आतां वाचनाच्या याद्या पाहाव्या, तर त्यांत विषयाचें नांव तेवढें असतें. प्रयोजन गृहीत धरलेलें असतें, आणि अधिकारी ‘सर्व’ या एका शब्दांत गुंडाळलेला असतो. आमच्या मतें वादाचें मूळ ग्रंथांच्या नांवांत नसून या ‘सर्व’ शब्दांत आहे.

हें प्रथम स्पष्ट शब्दांत दाखवून देण्याचें श्रेय जोतीरावांस द्यावें लागतें. मे १८७८ मध्यें न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकारानें पुण्यास मराठी ग्रंथकारांचें पहिलें संमेलन भरलें. मराठी ग्रंथप्रसारास उत्तेजन मिळावें, हा त्याचा स्तुत्य उद्देश होता. १८८५ साली दुसरें संमेलन भरलें, तेव्हां जोतीरावांस निमंत्रण गेलें. त्यांनीं येण्याचें नाकारून पत्र लिहिलें, व तें ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आलें. त्यांच्या म्हणण्याचें तात्पर्य असें कीं, जे लोक इतरांस मनुष्यपणाचे हक्क मनापासून देत नाहींत, त्यांच्या ग्रंथांतील आशयाशीं आमच्या ग्रंथांतील आशयाचा मेळ बसणार नाहीं. या पत्राची भाषा कोणास कडक वाटेल. परंतु परीक्षकानें भाषेपेक्षां मुद्दा पाहावा. ग्रंथकार ‘सर्वांसाठीं’ लिहितों असें म्हणतात, तेव्हां त्या ‘सर्वां’त शूद्रातिशूद्र मोजले आहेत काय, असा तो मुद्दा होता. तो विचारणाराच्या यादीपुरता मर्यादित नाहीं. जोतीरावांचे ग्रंथ सर्वांनीं वाचावे असें सांगणाऱ्या आजच्या वाचकासहि तोच प्रश्न लागू पडतो, व त्यानेंहि त्याचें उत्तर दिलें पाहिजे.

दुसरा वाद रानडे व इतिहासाचार्य राजवाडे यांच्यामधील होय. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथांत रानड्यांनीं साधुसंतांस स्वतंत्र प्रकरण दिलें आणि असें प्रतिपादिलें कीं, ज्ञानेश्वरांपासूनच्या संतांनीं जातिजातींतील अंतर कमी करून लोकांस एकत्र आणलें, व त्या भूमीवर पुढें राज्य उभें राहिलें. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या प्रस्तावनांतून याच्या उलट मत मांडलें. त्यांच्या मतें वारकरी संतांचा धर्म सहिष्णु म्हणजे सोसणारा होता; जयिष्णु म्हणजे जिंकूं पाहणारा महाराष्ट्रधर्म समर्थ रामदासांनीं सांगितला. या दोन मतांतून महाराष्ट्रांत वाचकांचे दोन पक्ष पडले. एकाच्या देव्हाऱ्यांत ज्ञानेश्वरी व गाथा, दुसऱ्याच्या दासबोध, असा प्रकार घरोघर झाला.

या वादाचें गुणदोषविवेचन करतांना दोन्ही थोर पुरुषांविषयीं पूर्ण आदर ठेवून असें म्हणावें लागतें कीं, दोघांनींहि ग्रंथांतील मजकुरावरून ग्रंथाचा परिणाम अनुमानिला. ही अनुमानपद्धति सदोष आहे. ग्रंथांत शौर्य सांगितलें म्हणून वाचक शूर झाला, किंवा ग्रंथांत शांति सांगितली म्हणून वाचक थंड पडला, असें सिद्ध होत नाहीं. ग्रंथ कोठें कोठें पोहोंचला, त्याच्या हस्तलिखित प्रती कोणत्या मठांत व कोणत्या घरांत निघाल्या, त्या कोणी नकलल्या, तो एकांतांत वाचला जाई कीं कीर्तनांत ऐकला जाई, हें शोधल्यावांचून परिणामाची भाषा करणें म्हणजे बी पाहून पिकाचा आकडा सांगणें होय. वाचन हीहि एक ऐतिहासिक घटना आहे; तिलाहि साधनें लागतात.

आणि येथें आमच्या खानदेशाचा एक अभिमानास्पद भाग येतो. वाद पुण्यामुंबईंत रंगला. परंतु दोन्ही पक्षांच्या मुख्य ग्रंथांचे चिकित्सक पाठ धुळ्यानें छापले. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ साली धुळ्यास सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली. डोमगांवच्या मठांतील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून त्यांनीं १९०५ साली दासबोध प्रसिद्ध केला. त्यानंतर चारच वर्षांनीं, १९०९ साली, त्याच सभेनें राजवाड्यांनीं संपादिलेली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. ज्या राजवाड्यांनीं संतांस निष्क्रिय ठरविलें, त्यांनींच ज्ञानेश्वरीच्या पाठासाठीं व तिच्या व्याकरणासाठीं आपले डोळे शिणविले, ही गोष्ट वाद घालणाऱ्या वाचकांनीं ध्यानांत धरण्याजोगी आहे. त्यांच्या प्रतीच्या प्राचीनतेविषयीं पुढें विद्वानांत मतभेद झाले. परंतु मताचा आग्रह एकीकडे ठेवून मूळ पाठाचा शोध घ्यावा, हा त्यांचा कित्ता आजहि गिरविण्यासारखा आहे. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ते धुळ्यासच निवर्तले.

यावरून यादी करणाऱ्यांस एक प्रश्न विचारतां येतो. ‘ज्ञानेश्वरी वाचा’ असें आपण म्हणतां, ती कोणती? शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनीं शुद्ध केलेली, कीं राजवाड्यांनीं छापलेली, कीं बाजारांत मिळणारें सुलभ गद्य रूपांतर? ग्रंथाचें नांव एक असतें, पाठ अनेक असतात. पाठ न सांगतां केलेली आज्ञा अर्धीच होय.

‘सर्वांनीं’ या शब्दानंतर ‘वाचावे’ या शब्दाचेंहि परीक्षण केलें पाहिजे. महानुभावांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहून ठेविले. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांनीं त्या लिपीची किल्ली प्रसिद्ध करीपर्यंत लीळाचरित्रासारखा मराठीचा आद्य गद्यग्रंथ पंथाबाहेरच्या वाचकास बंद होता. तेथें अडचण अक्षरांची होती. उलट, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगांत फेब्रुवारीपासून जूनपर्यंत विनोबांनीं बंदिवानांपुढें गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनें केलीं, व तीं साने गुरुजींनीं उतरून घेतलीं. ‘गीता प्रवचनें’ हा आज अनेकांच्या यादींतला ग्रंथ. परंतु तो आधीं ऐकला गेला व मग वाचला गेला. जळगांवाकडील बहिणाबाई चौधरींस अक्षरओळख नव्हती. त्या १९५१ साली वारल्या, व १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें आलीं. त्यांच्या ओव्या कोणी टिपून ठेवल्या नसत्या, तर ‘खानदेशांत असें वाङ्मय नाहींच’ असें यादीकारांनीं सहज म्हटलें असतें, आणि तें खोडून काढण्यास साधन उरलें नसतें.

आतां आमच्या जिल्ह्याकडे येऊं. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या शिरगणतींत लोकसंख्या १६,४८,२९५ भरली. तींत सुमारें ६९ टक्के अनुसूचित जमातींचे लोक होते, आणि साक्षरता सुमारें ६४ टक्के होती. घरांत बोलल्या जाणाऱ्या भाषा म्हणाल तर भिलीचे नाना प्रकार, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, गुजराती. प्रमाण मराठी पुष्कळांस शाळेंतच प्रथम भेटते. ग्रियर्सननें १९०७ साली आपल्या भाषापाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागांत भिली बोली व खानदेशी यांचे नमुने छापले. त्या बोलींस व्याकरण आहे, हें त्यावरून जगास कळलें; त्यांत वाङ्मय आहे, हें कळण्यास फार काळ लागला. शहादा भागांतील वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा भिली कवितांचा संग्रह १९८७ साली निघाला. लिहिलें तेंच वाङ्मय ही व्याख्या साक्षरांनीं आपल्या सोयीनें केली आहे, असा त्यांचा आक्षेप आहे, आणि आमच्या मतें तो खोडतां येण्यासारखा नाहीं.

अशा जिल्ह्यांत ‘सर्वांनीं वाचावे असे दहा ग्रंथ’ ही यादी भिंतीवर लावली असतां काय होतें? अक्राणीच्या डोंगरांतला मुलगा तींत आपल्या घरचें एकहि वाक्य पाहत नाहीं. आम्हीं वर्गांत पाहिलें आहे कीं, धड्यावरील प्रश्नास मुका राहणारा मुलगा याहा मोगीची कथा घटकाभर न अडखळतां सांगतो. धान्याच्या या देवतेची कथा त्यास पाठ असते, कारण ती त्यानें रात्रभर जागून ऐकलेली असते. शाळेच्या हिशेबीं तो ‘वाचनांत कच्चा’ ठरतो; श्रुतिपरंपरेवर पोसलेल्या आम्हां संस्कृतवाल्यांस तरी तो कच्चा म्हणण्याचा अधिकार नाहीं.

यावर दोन बाजूंनीं दोन उत्तरें येतात, व तीं दोन्ही आम्हांस अमान्य आहेत. पहिलें असें : “बोलींत ग्रंथच नाहींत, तर यादींत काय घालावें?” यास प्राकृताचा दाखला पुरेसा आहे. हाल सातवाहनाच्या नांवावर असलेली गाथासप्तशती ही महाराष्ट्री प्राकृतांतील सातशें गाथांची गुंफण. तींत खेड्यांतले नांगर, पाणवठे, गोदावरी व विंध्य यांचें जग आहे. कोणी तरी त्या गाथा वेंचून एकत्र केल्या, म्हणूनच अलंकारशास्त्रज्ञांस त्या उदाहरणांसाठीं घेतां आल्या. ग्रंथ नाहीं, ही वाङ्मयाची उणीव नव्हे, संग्राहकाची आहे. दुसरें उत्तर दिसावयास उदार आहे : “आदिवासी मुलास ज्ञानेश्वरी व दासबोध कशाला? त्यास त्याचेंच वाङ्मय द्या.” हें बोलणाराच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं, परंतु अमक्याच्या मुलास अमुक ग्रंथ नको, असें दुसऱ्यानें ठरविणें म्हणजे जुना अधिकारभेद मागच्या दारानें आंत घेणें होय. गीतेचा अर्थ संस्कृत न जाणणारास बंद होता, म्हणून शके १२१२ मध्यें तो देशी भाषेंत आणला गेला. तो दरवाजा आतां पावऱ्याच्या मुलासमोर लावून घेण्याचा हक्क कोणासहि नाहीं. ज्ञानेश्वरीहि त्याची आहे. मात्र ती घेण्यासाठीं घरची कथा उंबऱ्याबाहेर टाकून ये, अशी अट त्यास घालूं नये.

तेव्हां आमची सूचना अशी. याद्या अवश्य कराव्या, वादहि करावे. परंतु प्रत्येक नांवापुढें अनुबंधचतुष्टय लिहावें, व पाठ कोणता तेंहि लिहावें. ‘दासबोध : ज्यास व्यवहाराची व संघटनेची शिस्त शिकावयाची आहे त्यासाठीं, कल्याणस्वामींच्या प्रतीवरून’ असें लिहिलें, म्हणजे गाथेच्या अभिमान्यास रागावण्याचें कारण राहत नाहीं, तो आपल्या ग्रंथाचें वेगळें प्रयोजन लिहील. दोन ग्रंथांचीं प्रयोजनें निराळीं ठरलीं कीं अर्धा वाद आपोआप मिटतो, आणि उरलेला अर्धा वाद घालण्यायोग्य असतो. शिवाय ज्या गांवीं यादी लागेल, त्या गांवच्या बोलींतील एक तरी संग्रह तींत असावा.

हा शेवटला भाग वाचनालयांच्या हातचा नाहीं. तो संशोधकांचा आहे. संस्कृत नाटकांत प्राकृत संवादांखालीं संस्कृत छाया छापतात. त्याच रीतीनें पावरी, मावची, भिली गीतें व कथा देवनागरींत जशाच्या तशा उतरून त्यांखालीं मराठी छाया द्यावी. गाणाराचें गांव, टिपल्याची तिथि आणि पाठभेद नोंदवावे. गाणाराची संमति घ्यावी, व छापलेली पहिली प्रत त्याच्या घरीं पोहोंचवावी. राजवाडे बखरींसाठीं व दप्तरांसाठीं गांवोगांव पायपीट करीत, कारण वाळवी त्यांची वाट पाहत थांबणार नाहीं हें ते जाणत. या कथांस वाळवी लागत नाहीं. परंतु त्या सांगणाऱ्या वृद्धांचीं वर्षें मोजकीं आहेत, व त्यांचीं नातवंडें मोठीं होऊन सुरतेकडे कामास जात आहेत. कागद हरवला तर त्याची दुसरी नक्कल कोठें तरी मिळण्याची आशा असते. कंठ मिटला तर ती नसते. सर्वांनीं काय वाचावें याचा निर्णय आणखी पन्नास वर्षें लागला नाहीं तरी चालेल. हें टिपण्याचें काम मात्र तितकें थांबूं शकत नाहीं.