कादंबरीतले रिव्हॉल्व्हर

मराठी कथेतले रिव्हॉल्व्हर फार स्वस्तात उडते. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांच्या कथा आजोबांच्या पेटीतून काढून वाचल्या तेव्हापासून हे हत्यार आपल्या ओळखीचे, असा माझा समज होता. त्या समजावर मी एक आख्खी कादंबरीही लिहिली. दुसऱ्या कुणाचा राग नको, म्हणून उदाहरण तिचेच घेतो.

कादंबरी प्रतिसरकारच्या काळातली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील सहकाऱ्यांसह सांगलीचा तुरुंग फोडून निघाले, त्या धामधुमीत माझा कल्पित नायक खबऱ्याला गाठतो. झटापटीत खिशातले वेब्ली दगडी पायरीवर पडते, आपोआप उडते आणि खबऱ्या मरतो. नायक हळहळतो. या प्रसंगाचे कौतुकही झाले होते.

गेल्या वर्षी साताऱ्याकडच्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांकडे जाण्याचा योग आला. त्यांनी परवान्याचे बत्तीस बोअरचे वेब्ली आधी रिकामे केले, मला सहाही घरे दाखवली आणि मगच हातात दिले. पहिली जाणीव वजनाची. पाऊण किलोच्या आसपासचे ते ओझे सबंध तळव्यात उतरले. मी शहाणपणाने विचारले, "सेफ्टी कुठं आहे?" ते हसले. "मास्तर, चाप ओढून बघा."

ओढला, आणि लाज वाटली. घोडा आधी ओढून ठेवलेला नसेल, तर त्या एकाच ओढीने चक्र फिरवायचे, घोडा मागे न्यायचा आणि सोडायचा. बोटाला चांगलाच जोर लागतो. बार झाल्यावर घोडा किंचित मागे सरून थांबतो, काडतुसावर टेकून राहत नाही. उघडमिटीची कडी नीट बसली नसेल तर तो काडतुसापर्यंत पोहोचतच नाही. निराळा खटका बहुतेक रिव्हॉल्व्हरना नसतोच; जपणूक सारी आत, बेमालूम.

हे शहाणपण एका दिवसात आले नाही. १८७३च्या कोल्टमध्ये पाचच गोळ्या भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवण्याची रीत होती, कारण पडले तर ते खरोखरच उडे. १९४४ साली अमेरिकी जहाजाच्या डेकवर स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर पडून एक खलाशी मेला. त्यानंतर त्यांनी घोड्याआडची अटकाव-पट्टी बदलली.

म्हणजे माझा अपघात अगदीच अशक्य नव्हे. पण मी तो योजला तो हत्याराच्या ज्ञानाने नव्हे, भित्रेपणाने. नायकाने माणूस मारायला हवा होता आणि त्याचे हात स्वच्छही राहायला हवे होते. तेव्हा खून मी लोखंडाच्या माथी मारला. कुंडलच्या परिसरात ज्यांनी खरोखर शस्त्रे बाळगली त्यांना ही पळवाट नव्हती.

साहेबांनी विचारले, "तुमच्या पोरानं चाप ओढला होता का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी हत्यार पुसून डब्यात ठेवले. दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते टेबलावर पडून आहेत. तो प्रसंग अजून तसाच आहे.