वेषांतराची मुंबई

संहितेतील रिक्त स्थाने वाचक भरतो, हे वोल्फगांग इझर यांचे प्रतिपादन लपतछपत खेळावयाच्या व्हिडिओ खेळांनाही लागू पडते. ‘हिटमॅन २’ (२०१८) या खेळातील मुंबईचा टप्पा याचे ठळक उदाहरण होय. येथे भाडोत्री मारेकऱ्याची तीन लक्ष्ये आहेत. त्यांपैकी एकाचा चेहराही खेळाडूस ठाऊक नसतो. शिवाय प्रतिस्पर्धी मारेकऱ्याकरवी काम साधण्याची सोय आहे. चाहते या स्थळरचनेची वाखाणणी करतात ती वाटांच्या बहुलतेसाठी. शस्त्राची प्रतिष्ठाही त्यांच्या लेखी ते शक्य तितके कमी आणि निःशब्दपणे वापरण्यात असते.

हा रूपनिष्ठ निकष गंभीरपणे घ्यावयास हवा. मात्र तो अपुरा आहे. न्हाव्याचा वा शिंप्याचा वेष चढवताच मारेकरी जणू अदृश्य होतो. श्रमिकाचे कपडे पाहावयाचे, माणूस पाहावयाचा नाही, ही समाजाची सवय येथे खेळाचा नियम बनते. सोंग ओळखतात ते मोजकेच, बहुधा त्याच व्यवसायातले वा त्यावर देखरेख करणारे. चाहते यास ‘काठिण्य’ म्हणतात. समीक्षेने त्यातील आशय वाचावा: या नगरीत कष्टकऱ्याचा चेहरा ठाऊक असतो तो त्याच्या सोबत्याला आणि मुकादमाला.