कागद जळाला म्हणजे जखम नव्हती?

१२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुईसजवळच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली. १९१२ ते १९६० दरम्यान सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांची सुमारे ८० टक्के कागदपत्रं गेली. त्यांतला कुणी ‘पर्पल हार्ट’ मागू लागला, की जखमेची नि उपचारांची नोंद मागतात.

आता बघा, आपले भाट्ट मीमांसक अनुपलब्धी प्रमाण मानतात, पण अटीवर: वस्तू असती तर दिसलीच असती, तिथेच. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही, असं म्हणता येत नाही. जळालेल्या फायलीचं तेच. पुरावा जरूर मागावा, खोटे दावेही येतातच. साथीदारांच्या साक्षी चालतात म्हणे. नव्वदीतल्या माणसाने साथीदार आणायचे कुठून? तुकड्यांचे रोजचे अहवाल उरलेत, ते कचेरीनेच चाळावेत, एवढंच आमचं म्हणणं.