भिंती नसलेलं घर

आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' वाचायला घेतलं की सुरुवातीलाच नायक विली लोमनचं घर भेटतं. उंच इमारतींनी घेरलेलं, छपराची नुसती रेघ असलेलं, आरपार दिसणारं. लेखकाच्या कल्पनेतलं म्हणून आपण ते वाचतो. पण मिलरच्या मनात मुळात होते फक्त तीन उघडे चौथरे आणि लागेल तेवढंच सामान. घर उभं केलं ते नेपथ्यकार जो मिलझीनरने, दिग्दर्शक एलिया कझान आणि मिलर यांच्याशी खल करत. मिलरने मग छापील संहितेत तेच घर लिहिलं. नेपथ्यकाराला याहून मोठी पावती कुठली मिळणार!

अडचण विलीच्या डोक्यात होती. बोलता बोलता तो वर्षानुवर्षं मागे घसरतो. दर वेळी देखावा बदलत बसलं तर नाटकाचा जीवच जाईल. म्हणून घर कायम, आणि काळ बदलायचा तो प्रकाशाने. प्रकाशयोजनाही मिलझीनरचीच. इमारती विरतात, घरावर पानं पसरतात, की आपण भूतकाळात.

त्याहून देखणा आहे तो भिंतींचा नियम. वर्तमानात पात्रं या नसलेल्या भिंती पाळतात, दारातूनच आत येतात. आठवणीत मात्र भिंतीतून सरळ पुढच्या मोकळ्या मंचावर. हे कुणी समजावून सांगत नाही. एका नटाचं पाऊल चुकलं तरी अख्खं घर कोसळेल; 10 फेब्रुवारी 1949 ला ब्रॉडवेच्या मोरोस्को थिएटरात, पहिल्या प्रयोगात, ते विली साकारणाऱ्या ली जे. कॉबच्या पावलांवरही तितकंच उभं होतं. वरच्या खोलीतल्या खाटांतून विलीच्या मुलांना नकळत खाली उतरवायची सोय होती. मोठी मुलं वर झोपलीत असं वाटत असतानाच तीच पोरवयात अंगणात हजर. सुतारकाम म्हणावं तर सुतारकाम, पण विलीचं मन याच यंत्रावर चालतं.

आणि शेवट. विली मेल्यावर शोकाच्या कपड्यांतली माणसं स्वयंपाकघराच्या भिंतीतून पुढे येतात. दफनभूमीसाठी वेगळा देखावा नाही. मंचाच्या कडेला विलीची बायको लिंडा फुलं ठेवते, तीच कबर. हा तर वर्तमानकाळ, मग नियम का मोडला? ही माणसंही विलीसारखी आठवणीत शिरली म्हणावं, की घराला आता पाळण्याजोग्या भिंतीच उरल्या नाहीत? मी दुसऱ्या अर्थाकडे झुकतो. घराचा शेवटचा हप्ता लिंडाने त्याच दिवशी फेडलेला असतो.